लिनक्स सुरू होताना मायक्रोकोड चढवावा का? आणि माझ्याकडे तो चढत का नाही?

कातळशिल्प
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून बाबांसाठी एक जुना लॅपटॉप घेतला. आय५-६२००यू, ८ जीबी रॅम. बँकेची कामं, रेल्वेचं आरक्षण, बातम्या एवढ्यासाठीच. त्यावर डेबियन ११ होतं, ते मी १२ वर आणलं. सगळं नीट चालतंय.

काल सहज 'एलएससीपीयू' ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवली, तर खाली प्रोसेसरमधल्या दोषांची लांबलचक यादी. बऱ्याच ओळींपुढे 'मिटिगेशन' (उपाय लागू) दिसतंय, पण एमडीएस या दोषापुढे मात्र हे आलं: 'व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड'. '/प्रॉक/सीपीयूइन्फो'मध्ये मायक्रोकोडची आवृत्ती सी६ आहे (सोळाच्या पायातली). बायॉस (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) कंपनीने दिलेला शेवटचाच आहे, २०१८ चा. त्यानंतर या मॉडेलकडे त्यांनी पाहिलेलं नाही.

'इंटेल-मायक्रोकोड' पॅकेज घ्यायला गेलो तर एपीटी (डेबियनचा पॅकेजं आणणारा प्रोग्राम) म्हणतं, असं काही उपलब्धच नाही. पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत, सोर्सेस लिस्टमध्ये, 'नॉन-फ्री' आहे, दोनदा तपासलं. मुळात हे मायक्रोकोड प्रकरण काय आहे, ते बाबांच्या लॅपटॉपला खरंच लागतं का, आणि लागत असेल तर मिळवायचं कुठून? बाबा त्यावरून पेन्शनचं खातं बघतात, म्हणून काळजी वाटते.

निवडुंग
चालतोय ना? मग हात लावू नका. चालत्या बैलगाडीचं चाक काढून बघू नये.

टिपकागद
निवडुंग, नेहमी पटतं तुमचं, आज नाही पटलं. पेन्शनचं खातं आहे त्यावर.

कातळशिल्प, जुन्या पुस्तकांत सुरुवातीला एक शुद्धिपत्र चिकटवलेलं असायचं, आठवतंय? 'पृष्ठ ४२, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे.' पुस्तक छापून झालेलं, ते बदलता येत नाही, म्हणून वेगळा कागद. मायक्रोकोडचं अद्यतन तसंच असतं. बेरीज, वजाबाकी यांसारख्या साध्या सूचना प्रोसेसर थेट तारांच्या जोडणीतूनच पार पाडतो. गुंतागुंतीच्या सूचनांसाठी मात्र त्याच्या पोटात बारीक पायऱ्यांची एक वही असते. तोच मायक्रोकोड. कल्पना जुनी आहे, केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी ती १९५१ मध्ये मांडली. ही वही कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरली जाते. पण शेजारी थोडी लिहिता येण्याजोगी जागा ठेवलेली असते: 'या पायरीवर आलास की वहीतलं वाचू नकोस, इथलं वाच.'

ही जागा नसली तर काय होतं ते १९९४ ने दाखवलं. पेंटियममध्ये भागाकाराचा दोष निघाला. थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, उत्तर जुळेना, शोधत शोधत ते थेट चिपपर्यंत पोचले. इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पुढच्या वर्षी आलेल्या पेंटियम प्रोपासून शुद्धिपत्र चढवायची सोय आली.

तुमच्या संगणकावर आत्ता २०१८ चं शुद्धिपत्र आहे. एमडीएस, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या बफरांतून दुसऱ्या प्रोग्रामची माहिती झिरपू देणारा दोष, उघडकीला आला मे २०१९ मध्ये. म्हणजे तुमच्या कागदात ती ओळच नाही.

रातराणी
शुद्धिपत्राची उपमा फार आवडली. पण मग एकदा चिकटवलं की झालं ना? 'सुरू होताना' दर वेळी कशाला?

पेंग्विनपालक
कारण ती लिहायची जागा वीज असेपर्यंतच टिकते. बंद केलं की कोरी. रोज सकाळी कागद नव्याने चिकटवायचा. पहिली पाळी बायॉसची: त्याच्या पोटात जी आवृत्ती असेल ती तो चढवतो. नंतर लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बघतो, आपल्याजवळ याहून नवी आहे का. असेल तर ती चढवतो. त्यामुळे कंपनीने बायॉस द्यायचं थांबवलं तरी लिनक्सवाल्यांचं अडत नाही.

आता खरी मेख 'केव्हा चढवायचा' यात आहे. कर्नल ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलसाठी लवकर चढवायची सोय आहे. एएमडीसाठी ती ३.११ मध्ये आली. बूट होताना कर्नलसोबत इनिटआरडी नावाचं गाठोडं मेमरीत येतं. त्या गाठोड्याच्या अगदी तोंडाशी सीपीआयओ प्रकारचं एक छोटं, न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) पुडकं ठेवतात. त्यात 'कर्नल/एक्स८६/मायक्रोकोड/जेन्युइनइंटेल.बिन' अशी फाइल. न दाबलेलं अशासाठी की त्या क्षणी कर्नलकडे गाठोडं सोडायलाही काही नसतं. डिस्क नाही, फाइल सिस्टिम नाही. तो सरळ मेमरीत बघतो, आपल्या प्रोसेसरचा कागद उचलतो आणि चिकटवतो. मग बाकीचे कोअर जागे होतात, तसतसा प्रत्येकाला वेगळा चढवावा लागतो.

रातराणी
आणि झाकण मिटवून झोपवला तर? मी तर आठ-आठ दिवस बंदच करत नाही.

पेंग्विनपालक
चांगला प्रश्न. गाढ झोपेत प्रोसेसरची वीज जाते, म्हणजे कागदही जातो. उठताना कर्नल जपून ठेवलेली प्रत पुन्हा चढवतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

घाटवाट
एवढा खटाटोप इनिटआरडीत कशाला? चालू मशीनवरही चढवता येतो की. आमच्याकडे सर्व्हर बंद करायची परवानगी मिळवायला तीन आठवडे जातात. कर्नलच्या 'रीलोड' या फाइलमध्ये १ लिहिलं की काम झालं.

पेंग्विनपालक
घाटवाट, कृपा करून ते सोडा. ऑगस्ट २०१४ आठवा. इंटेलच्या हॅसवेल पिढीतल्या टीएसएक्स सूचनांत (मेमरीवरच्या अनेक क्रिया एकगठ्ठा करणाऱ्या) दोष निघाला आणि इंटेलने मायक्रोकोडमधून त्या सूचनाच बंद केल्या. पण चालू असलेल्या प्रोग्रामांनी सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं, 'टीएसएक्स आहे का?' उत्तर 'आहे' असं मिळालेलं. जीलिबसी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी, तर कुलपं लावायला त्याच सूचना वापरत होती. मध्येच नवा मायक्रोकोड चढला, सूचना गायब, आणि चांगले चालते प्रोग्राम 'अवैध सूचना' म्हणत धडाधड पडले. वाचन सुरू व्हायच्या आधीच शुद्धिपत्र लागलेलं हवं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट. हायपरथ्रेडिंगमध्ये दोन धागे एकाच कोअरवर असतात. एकाने मायक्रोकोड बदलताना जुळ्याने श्वाससुद्धा रोखून उभं राहायला हवं. ते जमवायला कर्नलला सगळे कोअर एका जागी थांबवावे लागतात. ५.१९ पासून चालू मशीनवर चढवायची सोय मुळातच बंद ठेवलेली असते, आणि मुद्दाम चालू करून वापरली तर कर्नल स्वतःवर 'टेंटेड'चा (डागाळल्याचा) शिक्का मारून घेतो. तीन आठवडे लागू देत, पण रीबूट मागा.

घाटवाट
मान्य. जीलिबसीची गोष्ट माहीत नव्हती. उद्याच अर्ज टाकतो.

मुक्तछंद
सगळे चढवा-चढवा म्हणताहेत, म्हणून वेगळं बोलायला हवं. ही फाइल इंटेलने कुलूपबंद केलेली, सही केलेली. आत काय आहे ते तुम्ही-मी वाचू शकत नाही. मी मुक्त सॉफ्टवेअर वापरतो ते संगणक काय करतोय हे मला कळावं म्हणून. मग ज्याच्यावर बाकी सगळं उभं आहे, तिथेच डोळे मिटून विश्वास ठेवायचा? डेबियननेही अशा गोष्टी मुख्य भांडारात कधी घेतल्या नाहीत, त्याला कारण आहे. माझ्या संगणकावर मी चढवत नाही, आणि हा निर्णय मी विचार करून घेतलाय.

टिपकागद
मुक्तछंद, तुमच्या तत्त्वाबद्दल मनापासून आदर आहे. वाद एकाच ठिकाणी. चढवला नाही म्हणून बंद मायक्रोकोड संगणकात नाही असं होत नाही. कारखान्यात कोरलेली वही तितकीच बंद आहे. तुम्ही निवड करताय ती त्याच बंद गोष्टीच्या जुन्या, चुका असलेल्या प्रतीची.

मुक्तछंद
हा मुद्दा मी नाकारत नाही. पण विकत घेताना एकदाच स्वीकारलेली गोष्ट आणि दर काही महिन्यांनी बाहेरून येणारी, वागणं बदलणारी गोष्ट यांत मला फरक वाटतो. टीएसएक्सचंच बघा, पैसे देऊन घेतलेली सोय एका फाइलने नाहीशी झाली.

माजघर
या वादात एक गोष्ट घालते. सहीवरचा विश्वासही कधीकधी तुटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की एएमडीच्या झेन १ ते झेन ४ प्रोसेसरमध्ये मायक्रोकोडची सही तपासायची पद्धत कच्ची होती. त्यात वापरलेली किल्ली चक्क एका मानक दस्तऐवजातली उदाहरणादाखल छापलेली किल्ली निघाली. मग त्यांनी स्वतःचा मायक्रोकोड लिहून चढवला. त्यानंतर यादृच्छिक संख्या देणारी आरडीरँड ही सूचना दर वेळी ४ हाच आकडा देऊ लागली.

अर्थात त्यासाठी आधी मशीनवर कर्नलच्या पातळीचा ताबा लागतो. घरच्या संगणकावर तेवढा ताबा गेला असेल तर मायक्रोकोडची काळजी करण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली. ज्यांचा डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो त्यांच्यासाठी मात्र ही बाब गंभीर होती. कर्नलवाल्यांनी नंतर एएमडीच्या अधिकृत फाइलींचे ठसे थेट कर्नलमध्येच घातले. ठसा जुळला नाही तर चढवायचं नाही.

रातराणी
दर वेळी चारच! शकुनीचे फासे ऐकले होते, शकुनीचा प्रोसेसर आज ऐकला.

राईनकाठ
जर्मनीहून लिहितोय. निवडुंग यांचं 'चालतंय तर हात लावू नका' वाचलं आणि राहवलं नाही, कारण चालतंय असं वाटणं आणि चालणं यांतला फरक दाखवणारी एक सुरेख हकिकत आहे, तीही कातळशिल्प यांच्याच प्रोसेसरच्या पिढीतली.

२०१६ मध्ये ओकॅमल भाषेच्या एका औद्योगिक वापरकर्त्याकडे प्रोग्राम अधूनमधून कोसळू लागले. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. ओकॅमलचे जनक झाव्हिए लरॉय यांनी मेमरीच्या चुका, उष्णता, सगळ्या शंका घेतल्या. पुढे लक्षात आलं की हे फक्त स्कायलेक, म्हणजे सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर होतंय. त्यांनी हायपरथ्रेडिंग बंद करून बघायला सांगितलं, आणि कोसळणं थांबलं! पुढे कळलं ते असं: एएच, बीएच, सीएच, डीएच या जुन्या आठ बिटी रजिस्टरांबरोबर त्यांचीच रुंद रूपं लहानशा लूपमध्ये वापरली आणि दोन्ही धागे चालू असले, तर प्रोसेसर अनपेक्षित वागू शकतो. जीसीसी या कंपायलरने ओ२ या वेग वाढवणाऱ्या पातळीवर, नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागातला लूप नेमका तसाच बनवला होता. जून २०१७ मध्ये डेबियनने सगळ्यांना जाहीर इशारा दिला: मायक्रोकोड चढवा, नाहीतर हायपरथ्रेडिंग बंद ठेवा.

मी प्रोग्रामिंग शिकवतो. 'चूक आधी स्वतःच्या कोडमध्ये शोधा' हे विद्यार्थ्यांना शंभर वेळा सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण लरॉय यांनी एकेक शंका तपासून मगच प्रोसेसरकडे बोट दाखवलं, तो धीर मला त्यांना शिकवावासा वाटतो. मायक्रोकोड म्हणजे केवळ हॅकरपासून संरक्षण नाही. गणित चुकू नये, फाइल बिघडू नये यासाठीही तो असतो.

निवडुंग
राईनकाठ, हे माहीत नव्हतं. माझा घरचा संगणक त्याच पिढीचा आहे. आत्ता बघतो.

तांबडी_माती
माझ्याकडे व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू आहे. तिथे मायक्रोकोडची आवृत्ती नुसती १ दाखवतोय. पॅकेज टाकलं, काही फरक नाही.

पेंग्विनपालक
पाहुण्याने घरमालकाच्या भिंतीला रंग द्यायचा नसतो. व्हर्च्युअल मशीनला मायक्रोकोड चढवता येत नाही, खालच्या यजमान मशीनवरच चढवावा लागतो. तो १ म्हणजे केव्हीएमने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्समधल्या सोयीने) दाखवलेला भरताचा आकडा. पाहुण्यातून ते पॅकेज काढून टाकलंत तरी चालेल.

आणि यावरून कातळशिल्प यांच्या ओळीतला 'अटेम्प्टेड' उलगडतो. २८६ च्या काळापासून व्हीईआरडब्ल्यू नावाची एक सूचना आहे, आज क्वचितच कुणी वापरत असेल. एमडीएसवर उपाय करताना इंटेलने मायक्रोकोडमधून तिला नवं काम दिलं: आतले बफर पुसून टाकणं. कर्नल आपलं काम संपवून प्रोग्रामकडे परतताना ती चालवतो. नवा मायक्रोकोड असल्याचं प्रोसेसर सांगत नसला तरी कर्नल ती चालवतोच, कारण पाहुण्या मशीनला कधीकधी खालचा खरा मायक्रोकोड दिसत नाही, पण असतो. म्हणून 'प्रयत्न केला'. तुमच्या लॅपटॉपवर मात्र खाली खरंच काही नाही. ती सूचना येते आणि काही न पुसता जाते.

माजघर
मूळ प्रश्न राहिलाच की हो, पॅकेज का सापडत नाही!

कातळशिल्प, डेबियन १२ पासून फर्मवेअरसाठी वेगळा कप्पा केलाय, 'नॉन-फ्री-फर्मवेअर'. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ठरवलं की फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असावं, त्यातून हे आलं. 'इंटेल-मायक्रोकोड' आणि 'एएमडी६४-मायक्रोकोड' दोन्ही तिकडे हलली. ११ वरून १२ वर येणाऱ्यांच्या यादीत जुना 'नॉन-फ्री'च राहतो. सोर्सेस लिस्टमध्ये 'मेन'च्या पुढे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लिहा, सुरक्षा अद्यतनांच्या ओळीतही लिहा, मग 'एपीटी अपडेट' आणि पॅकेज टाका. इनिटआरडी आपोआप नव्याने बांधली जाते. (टर्मिनलवर हे सगळं अर्थात रोमन लिपीतच टाइप करायचं.)

पेंग्विनपालक
माजघर यांनी नेमकं सांगितलं. रीबूट करायच्या आधी मात्र एक दोर हाताशी ठेवा. जून २०२० मध्ये इंटेलने जे अद्यतन काढलं, त्यातला नेमका तुमच्याच जातीच्या प्रोसेसरचा (०६-४ई-०३) मायक्रोकोड चढवल्यावर काही मशीन बूट होतानाच गोठू लागल्या. डेबियन आणि उबुंटूने त्या प्रोसेसरपुरता तो तातडीने मागे घेतला. आताची आवृत्ती त्याच्या खूप पुढची आहे, त्यामुळे भीती नको, पण तयारी हवी. मशीन अडकलीच तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूच्या, यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'डिस_यूकोड_एलडीआर' जोडा आणि बूट करा. कर्नल त्या वेळेपुरता मायक्रोकोडला हात लावत नाही. कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा हा धागा उघडायला लॅपटॉप नसेल.

मुक्तछंद
हे बघा, २०२० चं उदाहरण. जानेवारी २०१८ मध्येही स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषासाठीच्या मायक्रोकोडने ब्रॉडवेल-हॅसवेल मशीन आपोआप रीबूट होऊ लागल्या होत्या आणि २२ तारखेला इंटेललाच सांगावं लागलं, 'थांबा, चढवू नका'. सावधगिरी माझ्या बाजूने आहे.

टिपकागद
आहेच. म्हणून तर तो वितरकाच्या पॅकेजमधून घ्यायचा, कुठूनतरी फाइल आणून ठेवायची नाही. २०२० मध्ये मधल्या माणसांनीच ब्रेक लावला.

वाळवण
माझा कोअर २ ड्युओ आहे, २००८ चा. मलाही मिळेल का?

माजघर
पॅकेजमध्ये जुनी एखादी आवृत्ती असेल, पण स्पेक्टरनंतरचं काही नाही. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने पेन्रिन, वुल्फडेल, यॉर्कफील्ड वगैरे कुळांसाठी काम थांबवल्याचं जाहीर केलं. त्यावर बँक नको. गाणी ऐका, लिहा, मुलांना टायपिंग शिकवा.

कातळशिल्प
मंडळी, झालं! यादीत कप्पा घातला, पॅकेज आलं, ग्रबची ओळ कागदावर लिहून बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली, रीबूट केलं. कर्नलच्या नोंदींत, 'डीमेसेज'मध्ये, आलं, 'मायक्रोकोड अपडेटेड अर्ली टू रिव्हिजन ०एक्सएफ०'. सी६ वरून थेट एफ०. एमडीएसपुढे आता 'मिटिगेशन: क्लिअर सीपीयू बफर्स, एसएमटी व्हल्नरेबल' (एसएमटी म्हणजे हायपरथ्रेडिंग). फार बरं वाटलं.

पण एक ओळ अजून तशीच आहे. 'गॅदर डेटा सॅम्पलिंग: व्हल्नरेबल: नो मायक्रोकोड'. पॅकेज नवं असूनही?

पेंग्विनपालक
अभिनंदन! ती ओळ डाउनफॉलची. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅनियल मोगिमी यांनी उघड केलेला दोष, सहाव्या ते अकराव्या पिढीपर्यंतचा. इंटेलने सातव्या पिढीपासून पुढच्यांना मायक्रोकोड दिला. तुमच्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरला दिला नाही. एफ० हाच शेवटचा समजा.

कर्नलला 'गॅदर_डेटा_सॅम्पलिंग=फोर्स' सांगता येतं. मग मायक्रोकोड नसल्यामुळे तो एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या) सूचनाच बंद करतो. दोष जातो, पण व्हिडिओ आणि इतर जड कामं रेंगाळतात, एव्हीएक्स आहेच असं धरून चालणारे काही प्रोग्राम पडतातही. या दोषाचा फायदा घ्यायला परका प्रोग्राम त्याच मशीनवर चालावा लागतो. बाबांच्या लॅपटॉपवर अनोळखी प्रोग्राम टाकू नका, ब्राउझर अद्ययावत ठेवा. माझं मत, फोर्स नको.

माजघर
मी थोडी वेगळी आहे इथे. बाबा व्हिडिओ बघत नसतील तर आठवडाभर 'फोर्स' लावून बघायला काय हरकत? पेन्शनचं पान उघडायला एव्हीएक्स लागत नाही.

कातळशिल्प
बाबा रोज संध्याकाळी कीर्तनं बघतात, लॅपटॉपवरच. तरी माजघर यांचं ऐकून आज लावून बघितलं. कीर्तन न अडखळता चाललं, पंखा मात्र जोरात फिरत होता. बाबांनी विचारलं, 'आवाज कसला?' रविवारपर्यंत असंच ठेवतो. तापला किंवा काही पडलं तर काढून टाकेन आणि इथे कळवेन.

निवडुंग
माझ्याकडेही चढला. आय७-६७००. टिपकागद, राईनकाठ, आभार. तो कागद मीही लिहून ठेवलाय, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.